जव्हारचा राजा आणि राखीव जागा

दिवाळी आटोपली की जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबे कल्याण-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. संघटनेच्या कामाने त्यांच्यात बसलो असता एका म्हाताऱ्याने मला विचारले, "आमचा राजा दिल्लीला निवडून गेला होता, ठावं हाय का?" ठाऊक नव्हते. शाळा माझी लवकर सुटली. पुढचे सारे त्या प्रश्नापायी शोधून वाचलेले आहे, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे.

यशवंतराव मार्तंडराव मुकणे यांचा जन्म १९१७ चा. घराणे महादेव कोळ्यांचे; चौदाव्या शतकात जयबा मुकण्यांनी गादी स्थापिली असे सांगतात. संस्थान जेमतेम ३१० चौरस मैलांचे, सारे डोंगर आणि रान. १९२७ साली, पोरवयातच, यशवंतराव गादीवर आले. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट झाले. युद्ध संपते न संपते तोच, १९४५ साली, शेजारच्या उंबरगाव-डहाणू तालुक्यांत गोदावरी परुळेकरांच्या मार्गदर्शनाखाली वारली वेठीविरुद्ध उभे राहिले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार होऊन माणसे पडली. १९४८ साली जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

खरी गोष्ट येथून पुढे. १९६२ साली महाराज काँग्रेसतर्फे भिवंडीतून लोकसभेवर गेले, १९६७ साली डहाणूतून. डहाणूची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव! कायद्याच्या यादीत राजा आणि रानातला मोळीविक्या एकाच ओळीत आले. ज्यांचा जन्म हुकूम सोडण्यात गेला, त्यांना मोळीविक्यापुढे मतासाठी हात जोडावे लागले, ही लोकशाहीची करामत मी थोर मानतो. परंतु ज्याच्या तोंडी शब्द नव्हता त्याला बोलता यावे म्हणून केलेली जागा राजवाड्याला मिळाली, हेही खरे. महाराजांना दोष देत नाही. ते त्याच जमातीचे होते आणि लोकांनीच त्यांना निवडले. म्हाताऱ्याच्या आवाजातला अभिमान खोटा नव्हता. पण राजाचा मान आणि मजुराची मजुरी या दोन गोष्टी माझ्या हिशेबात अजून एका रकान्यात बसत नाहीत.

१९७१ साली घटनादुरुस्तीने सर्व संस्थानिकांचे तनखे गेले. १९७७ साली डहाणूची तीच राखीव जागा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या लहानू कोम यांनी जिंकली. पुढल्याच वर्षी यशवंतराव वारले.

हे त्या म्हाताऱ्याला सांगावे म्हणून पुढच्या हंगामात भट्टीवर गेलो. ते कुटुंब त्या साली दुसऱ्याच मालकाकडे उचल घेऊन गेले होते.