अडकलेला हब आणि पुढच्या ॲक्सलची शंभर वर्षं

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की गॅरेजचा? तर आज दोन्ही. आपल्याला बोलायचंय एका गंजलेल्या लोखंडी तुकड्याबद्दल. हा तुकडा बसलाय १९९४ सालच्या डॉज रॅम ट्रकच्या पुढच्या चाकामागे. फोर बाय फोर गाडी, अमेरिकेतल्या मिशिगन किंवा ओहायोसारख्या थंड राज्यात वीस-पंचवीस हिवाळे काढलेली. चाकाचं बेअरिंग वाजायला लागलंय. पुस्तकाप्रमाणे काम सोपं: ब्रेक बाजूला करा, मधला मोठा नट सोडवा, मागून चार बोल्ट काढा, हब हातात येईल.

पण तो येत नाही. हातोडा होतो, घण होतो, शनिवार-रविवार जातो, तरी हब जागचा हलत नाही. आणि तो निघाला नाही तर बेअरिंग बदलता येत नाही. बाहेरून काम करून घ्यायचा खर्च जुन्या ट्रकच्या किमतीला भिडायला लागतो, आणि चांगलं इंजिन असलेली गाडी भंगारात जाते.

सगळे दोष गंजाला देतात. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कळायला थोडं मागे जावं लागेल.

मुळात पुढचं चाक ही अवघड जागा. मागच्या चाकाला फक्त फिरायचं असतं. फोर बाय फोरच्या पुढच्या चाकाला फिरायचंही असतं आणि वळायचंही असतं. म्हणजे इंजिनाची ताकद एका वाकणाऱ्या सांध्यातून चाकापर्यंत न्यायची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात क्लिंटनव्हिल नावाचं गाव आहे. तिथले ऑटो झॅकॉ आणि विल्यम बेसर्डिक हे दोघे मेव्हणे. त्यांनी या सांध्याचा तोडगा काढला आणि १९०८ मध्ये पेटंट मिळवलं. सांधा एका गोलाकार कवचात बसवलेला, उखळीत गोळा फिरावा तसा. यातूनच पुढे एफडब्ल्यूडी कंपनी उभी राहिली आणि पहिल्या महायुद्धात तिचे हजारो ट्रक फ्रान्सच्या चिखलात गेले.

हे गोळ्याचं कवच लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या महायुद्धातल्या जीपलाही तेच आहे. विलीज जीपच्या ॲक्सलच्या टोकाला जो पॉलिश केलेला लोखंडी गोळा दिसतो ना, त्याच्या आत सांधा, आणि आत भरपूर ग्रीस. वर-खाली किंगपिन, त्यांना निमुळती रोलर बेअरिंग, आणि बेअरिंग किती घट्ट बसवायचं ते ठरवायला पातळ पत्र्याच्या शिम. चाकाची बेअरिंगसुद्धा सुटी. नट काढा, बेअरिंग बाहेर घ्या, रॉकेलने धुवा, ग्रीस भरा, परत बसवा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला याच जीपची जुळणी सुरू केली, म्हणून आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना हा गोळा ओळखीचा आहे. गोळ्याचं सील फाटलं की ग्रीस बाहेर, आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळा चिकचिकाट. घाणेरडं काम, पण अवघड नाही.

आता यातली खरी गोष्ट बघा. वरचेवर उघडलं जाणारं यंत्र सहसा जाम होत नाही. हौस म्हणून कुणी ते उघडत नव्हतं. दर काही हजार मैलांनी उघडावंच लागायचं, नाहीतर गाडी बंद पडायची. त्या निमित्ताने प्रत्येक भाग हलायचा, पुसला जायचा, त्याला ताजं ग्रीस लागायचं.

१९४८ मध्ये आर्थर वॉर्न नावाच्या माणसाने वॉशिंग्टन राज्यात यात एक भर घातली. युद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या जीप लोक डांबरी रस्त्यावर चालवत होते. टू-व्हीलमध्ये टाकली तरी पुढचा सगळा ॲक्सल उगाच फिरत राहायचा. वॉर्नने लॉकिंग हब आणला. चाकाच्या मधोमध एक चकती, हाताने फिरवली की चाक ॲक्सलपासून सुटतं. अजूनही गाडीतून उतरून हब फिरवणारे लोक आहेत. पावसात उतरताना शिव्या देतात, पण फिरवतात.

दरम्यान रस्त्यावर काहीतरी वेगळंच सुरू झालं होतं. १९३८ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्याने बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकून पाहिलं. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अख्ख्या अमेरिकेतल्या महामार्गांवर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडलं. युद्धानंतर मोटारी वाढल्या, रस्ता हिवाळ्यातही काळाभोर दिसला पाहिजे ही अपेक्षा आली, आणि आज हा आकडा वर्षाला एक कोटी टनांच्या कितीतरी पुढे गेलाय. कोकणात खारं वारं गाडी खातं हे आपल्याला माहीत आहे. तिथे तर खारं पाणी थेट चाकाखालून उडतं.

आणि नेमक्या याच काळात पुढचा ॲक्सल बदलला. १९६० आणि ७० च्या दशकात गोळ्याचं कवच गेलं, सांधा उघडा झाला. किंगपिनच्या जागी हळूहळू बॉल जॉइंट आले. मग सुटी बेअरिंग गेली. १९८४ च्या जीप चेरोकीत, १९९४ च्या डॉज रॅममध्ये, १९९९ च्या फोर्ड सुपर ड्यूटीत आला सीलबंद हब: बेअरिंग, ग्रीस, सील सगळं एकाच डब्यात. तो डबा नकलच्या गोल भोकात अगदी नेमका बसतो आणि मागून बोल्टने आवळला जातो. ग्रीस भरायचं नाही, घट्ट-सैल करायचं नाही. खराब झाला की अख्खा बदलायचा.

यात कारखान्याची लबाडी होती असं मला वाटत नाही. बहुतेक मालक बेअरिंगला ग्रीस देतच नव्हते. डबा जोडायला सोपा, चुकीचा बसण्याची भीती कमी, आणि लाख-लाख मैल चालतो. पण एक गोष्ट गृहीत धरली गेली, की इथे मधे कुणाचा हात लागणार नाही. दहा-वीस वर्षं एक नेमकं बसवलेलं लोखंड दुसऱ्या लोखंडात, मिठाच्या पाण्यात, न हलता. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. फटच नाही म्हटल्यावर तो फुगून दोन्ही भाग आवळतो. मग चार बोल्ट काढले काय आणि ठेवले काय.

म्हणून आजचे उपाय ऐका, मजेशीर आहेत. कारण ते बरेचसे लोहाराचेच आहेत. बॉल जॉइंटची निमुळती दांडी अडकली, तर दांडीवर घाव घालत नाहीत. ती ज्या भोकात बसलीय त्या जाड लोखंडाच्या कडेला जोरात ठोका द्यायचा. भोक क्षणभर लंबगोल होतं आणि पकड सुटते. जुन्या टोयोटा लँड क्रूझरमध्ये हबच्या बोल्टखाली चिरलेल्या शंकूसारखे वॉशर असतात. तिथे नट पूर्ण न काढता आट्यांवर राहू द्यायचे आणि पितळी दांडा ठेवून हबवर ठोके द्यायचे. वॉशर टुणकन उडून वर येतात. पितळ का, तर ते स्वतः चेपतं, आटे वाचतात.

सीलबंद हबला मात्र नव्या जमान्याची युक्ती लागली, आणि ती मला फार आवडते. बोल्ट काढायचे नाहीत, चार-पाच आटे सैल करायचे. बोल्टचं डोकं आणि ॲक्सलचं टोक यांच्या मधल्या फटीत सॉकेटच्या दांड्याचा तुकडा धरायचा. इंजिन चालू करून स्टीअरिंग हळूच फिरवायचं. पॉवर स्टीअरिंगची हायड्रॉलिक ताकद बोल्टला ढकलते आणि बोल्ट हबला बाहेर ढकलतो. मग पलीकडच्या बोल्टवर, स्टीअरिंग उलटं. असं आळीपाळीने, म्हणजे हब तिरका होऊन आणखी अडकत नाही. गाडी पक्क्या स्टँडवर हवी, आणि स्टीअरिंग फिरताना चाकाजवळ कुणी नको. तो तुकडा सटकला तर गोळीसारखा जातो. हब सुटला की ॲक्सलचं वजन हातावर घेऊन सरळ बाहेर काढायचं. ओढत आणलं तर आतलं ऑइल सील फाटतं आणि नवं काम निघतं.

नवा हब बसवण्याआधी लोक भोक सँडपेपरने चकचकीत घासतात आणि अँटी-सीझचा पातळ थर देतात. नव्या हबवर कारखान्यातून हा थर येत नाही. आणि काहीजण तर आणखी पुढे जातात. बाजारात किट मिळतात: सीलबंद डबा काढून टाकायचा, त्याजागी दोन सुटी निमुळती बेअरिंग, ग्रीस, आणि बाहेर हाताने फिरवायचा लॉकिंग हब. किंमत चांगलीच जड आहे. म्हणजे १९९४ च्या ट्रकला १९४८ ची व्यवस्था बसवायला लोक स्वतःच्या खिशातून पैसे देतात, आणि मग दरवर्षी ती बेअरिंग काढून ग्रीसही भरतात.