पाहुण्यास खरें सांगावें

पुण्याहून नगरास जाणारा रस्ता शिरूरपाशीं घोड नदी ओलांडून नगर जिल्ह्यांत शिरतो. या जिल्ह्याचें नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें आहे. परंतु जुन्या काळाविषयीं बोलावयाचें असल्यानें आज मी जुनेंच नांव घेईन, त्याबद्दल क्षमा असावी. तर या रस्त्यानें माळरानांतून जातां जातां पारनेर तालुक्यांतील सुपा हें गांव लागतें. औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांचीं छपरें, मालमोटारींच्या रांगा, चहाचीं दुकानें आणि दूर डोंगरमाथ्यावर संथपणें फिरणारीं पवनचक्क्यांचीं पातीं, एवढें प्रवाशाच्या दृष्टीस पडतें. प्रवासी चहा घेतो, घड्याळाकडे पाहतो आणि पुढें जातो. त्यांतील एखाद्या चौकस माणसाच्या मनांत प्रश्न उभा राहतो, "या भागांत पाहण्यासारखें कांहीं असेल काय?" पण हा प्रश्न विचारावा कोणास?

या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं जगांतील पुष्कळ लहानमोठ्या शहरांनीं एक स्वतंत्र संस्था निर्माण केली आहे. तिला आपण प्रवासी माहिती मंडळ म्हणूं. अशा मंडळाचा पूर्वेतिहास काय, आणि सुप्यासारख्या गांवीं तें स्थापावयाचें ठरल्यास त्याचें पहिलें कर्तव्य कोणतें, याचा आज थोडक्यांत विचार करूं.

परस्थांस आपल्या गांवीं बोलावण्याची कल्पना आपणांस नवी नाहीं. प्रत्येक क्षेत्राचें माहात्म्य असे. त्यांत तेथील देवतेचा महिमा, स्नानाचें पुण्य, यात्रेची तिथि आणि दर्शनाचा क्रम सांगितलेला असे. क्षेत्रोपाध्याय यात्रेकरूस उतरण्यास जागा देत, देवस्थानें दाखवीत, आणि त्याचें नांव, गांव व कुळ आपल्या वहींत नोंदून ठेवीत. पुढें त्याचा नातू आला, तर आजोबाची सही त्याच्यापुढें उघडून धरीत. प्रसिद्धि, निवास, मार्गदर्शन आणि नोंद हीं आधुनिक मंडळाचीं चारही अंगें या व्यवस्थेंत होतीं. भेद एवढाच, कीं माहात्म्य हें श्रद्धेचें वाङ्मय होय. त्यांतील विधानें पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहण्याचें प्रयोजन कोणास नव्हतें.

निव्वळ पाहण्यासाठीं प्रवास करणारा मनुष्य हा मात्र निराळा पाहुणा. त्याच्यासाठीं लंडनच्या मरे या प्रकाशकानें १८५९ सालीं मद्रास व मुंबई इलाख्यांचें मार्गदर्शक पुस्तक काढलें. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू होऊन नगर शहर रेल्वेनें जोडलें गेलें. सुपा मात्र त्या मार्गापासून दूरच राहिलें. १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नगर जिल्ह्याविषयींचा खंड प्रसिद्ध झाला. नद्या, पिकें, बाजार, जुन्या इमारती यांची तपशीलवार माहिती त्यांत एकत्र झाली. पण तो ग्रंथ राज्यकारभारासाठीं रचलेला. वाटसरूच्या हातीं तो कसा पडावा?

गांवानें आपण होऊन पाहुण्याचें स्वागत करावें या विचारास संस्थेचें रूप आलें तें युरोपांत व अमेरिकेंत. फ्रान्समधील ग्रनोबल या आल्प्स पर्वताच्या कुशींतील शहरीं १८८९ सालीं अशा मंडळाची स्थापना झाली. त्याच्या फ्रेंच नांवाचा अर्थ, पुढाकार घेणाऱ्यांचें मंडळ. हा पुढाकार सरकारचा नव्हता, नागरिकांचा होता, हें त्या नांवांतच स्पष्ट होतें. पुढें सात वर्षांनीं, १८९६ सालीं, अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं मिल्टन कार्मायकेल या वृत्तपत्रकारानें असें सुचविलें, कीं आपल्या शहरीं निरनिराळ्या संस्थांच्या परिषदा आपोआप भरतात व त्यांत सर्वांचा लाभ होतो. मग एकत्र येऊन त्यांना रीतसर निमंत्रण कां देऊं नये? व्यापारी व खाणावळवाले एकत्र आले, आणि निमंत्रणें देत हिंडण्यासाठीं एक पगारी मनुष्य नेमण्यांत आला. आज जगभर पसरलेल्या अशा मंडळांचा उगम या दोन ठिकाणीं दाखवितां येतो.

आपल्याकडे हें काम वरून खालीं आलें. दुसरें महायुद्ध संपत आलें असतां, १९४५ सालीं, सर जॉन सार्जंट यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली व प्रवासी वाहतुकीचा विचार सुरू झाला. १९४९ सालीं केंद्र सरकारच्या वाहतूक खात्यांत त्यासाठीं एक शाखा उघडली. १९६६ सालीं भारतीय पर्यटन विकास महामंडळ आणि १९७५ सालीं महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झालें. या संस्थांनीं मोठें कार्य केलें, हें मान्य केलेंच पाहिजे. तथापि राजधानींत बसलेल्या कचेरीस अजिंठा व वेरूळ दिसतें. तालुक्यांतील ओढ्याकांठचें देऊळ दिसत नाहीं. तें दाखविणारा डोळा गांवचाच असावा लागतो.

आतां सुप्याकडे परत येऊं. तेथें असें मंडळ उद्यां निघालें, तर पहिल्याच दिवशीं त्याच्यापुढें एक मोह उभा राहील. तो मोह नांवाचा आहे.

शहाजीराजांच्या जहागिरींत पुणें व सुपें हे परगणे होते, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. शिवाजीमहाराजांनीं आपले सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडून सुपें ताब्यांत घेतलें, ही कथाही सर्वश्रुत आहे. परंतु तें सुपें पुणें जिल्ह्याच्या बारामती तालुक्यांतलें. पारनेर तालुक्यांतलें सुपा तें नव्हे. आणि मौज अशी, कीं आपल्या भाषेनेंच या घोटाळ्यास हातभार लावला आहे. एकाचें नांव सुपा, दुसऱ्याचें सुपें. पण विभक्तीचा प्रत्यय लागला कीं दोन्ही एकरूप होतात. सुप्यास गेलों, सुप्याहून आलों, सुप्याची जहागीर. कोणतें सुपें आणि कोणतें सुपा, हें ऐकणाऱ्यानें ओळखावें कसें?

अशा वेळीं रस्त्यावर एक मोठी पाटी उभारून, 'शहाजीराजांच्या जहागिरीचें ऐतिहासिक गांव' असें तीवर रंगविण्यास कितीसा खर्च येणार? वाटसरू थांबतील, दुकानें चालतील, आणि शंका घेणारा हजारांत एखादाच निघेल. म्हणूनच मंडळाची खरी परीक्षा येथें आहे. माझें नम्र मत असें, कीं अशा मंडळानें आपल्या पत्रकाच्या पहिल्याच ओळींत लिहावें: हें तें सुपें नव्हे, तें पाहावयाचें असल्यास बारामतीकडे जावें, आणि त्याचा रस्ता असा आहे.

कोणी म्हणेल, हें तर आपल्या हातानें पाहुणा परत धाडणें झालें. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. दंतकथेचें आकर्षण मोठें असतें. नगर शहराच्या पूर्वेस शाह डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली, भव्य इमारत उभी आहे. सारा जिल्हा तिला चांदबिबीचा महाल म्हणतो. वस्तुतः ती मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. १५९५-९६ सालीं मोंगलांच्या वेढ्यांत नगरचा किल्ला झुंजविणाऱ्या त्या शूर स्त्रीचें नांव लोकांनीं प्रेमानें त्या इमारतीस दिलें. या प्रेमास कोणी नांवें ठेवूं नयेत. परंतु परिणाम काय झाला? चांदबिबीचा खरा पराक्रम ज्या किल्ल्याच्या तटावर घडला, तो सोडून प्रवासी तिची आठवण डोंगरावर शोधतो. आणि ज्यानें ती देखणी वास्तु आपल्यासाठीं उभारली, त्या सलाबतखानाचें नांव त्याच्या स्वतःच्या कबरीवरूनच पुसलें जातें. दोघांवरही अन्याय!

आणि सुप्यास उसन्या वैभवाची गरज तरी कोठें आहे? त्याच पारनेर तालुक्यांत टाकळी ढोकेश्वर येथें डोंगरांत खोदलेलें प्राचीन शैव लेणें आहे. त्यांतील सप्तमातृकांचें शिल्प पाहून जाणत्याचीही पावलें थबकतात. पळशी येथें होळकरांच्या पदरीं मानास चढलेल्या पळशीकर घराण्याचा वाडा, गांवाभोंवतीं तट आणि कोरीव कामानें नटलेलें विठ्ठलमंदिर आहे. जामगांव येथें महादजी शिंद्यांचा म्हणून ओळखला जाणारा वाडा आहे. खुद्द पारनेर ही सेनापति बापटांची जन्मभूमि. १८८० सालीं तेथें जन्मलेल्या या पुरुषानें पुढें मुळशीच्या सत्याग्रहाचें नेतृत्व केलें. सुप्यापासून थोड्याच अंतरावर राळेगणसिद्धि आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या प्रेरणेनें त्या गांवानें पाणी अडविलें, झाडें लाविलीं, आणि तें काम पाहण्यासाठीं दूरदूरचे लोक येऊं लागले. पाहण्याजोगें कांहीं नसेल तर तें स्वकष्टानें निर्माण करतां येतें, याचा याहून उत्तम दाखला कोणता?

निघोजचे रांजणखळगे तर निसर्गाचा चमत्कारच म्हणावयाचा. कुकडी नदीच्या पात्रांत भोंवऱ्यांत सांपडलेले दगडगोटे गरगर फिरत राहिले आणि काळ्या कठीण पाषाणांत रांजणासारख्या खोल खळ्या कोरल्या गेल्या. पण त्यांचे कांठ निसरडे आहेत, आणि पाणी किती खोल आहे तें वरून समजत नाहीं. सौंदर्याचें वर्णन मोठ्या अक्षरांत आणि धोक्याची सूचना बारीक अक्षरांत छापणारें मंडळ पाहुण्याचा घात करतें. दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत छापावीं.

मंडळाच्या कामास फार मोठें भांडवल लागतें असें नाहीं. बसथांब्याजवळ एक खोली, भिंतीवर तालुक्याचा स्वच्छ नकाशा, कोणत्या स्थळास कोणत्या ऋतूंत जावें, गाडी कोठून मिळते, पिण्याचें पाणी कोठें आहे याची नोंद, आणि गांवांतील शिकलेल्या मुलामुलींपैकीं दोघेतिघे मार्गदर्शक, एवढ्यावर आरंभ होऊं शकतो. खर्च डेट्रॉइटप्रमाणें दुकानदार व खाणावळवाले यांनीं वर्गणीनें उचलावा; मात्र वर्गणी देणाऱ्याचीच खाणावळ चांगली, असें पाहुण्यास सांगूं नये. स्थळांच्या माहितीचे तीन भाग करावे: पुराव्यानें सिद्ध झालेलें, परंपरेनें सांगितलें जाणारें, आणि केवळ दंतकथा. तिन्ही सांगावीं, पण सरमिसळ होऊं देऊं नये. दंतकथा म्हणून सांगितलेली दंतकथा कोणास फसवीत नाहीं, आणि तिची गोडीही कमी होत नाहीं.

श्रोतेहो, खोट्या पाटीनें प्रवासी एकदां थांबेल; पुढें कोणीतरी त्यास खरें सांगेल, आणि तो त्या गांवाच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवणार नाहीं. परंतु मला भय वाटतें तें प्रवाशाचें नव्हे. प्रवासी जातो, पाटी मागें राहते. ती रोज वाचीत गांवचीं मुलें शाळेंत जातात. पांचपन्नास वर्षांनीं पाटीवरचें असत्य हाच त्यांचा इतिहास होतो, आणि ढोकेश्वरचें लेणें, पळशीचा तट, निघोजचा खडक हें जें खरोखर त्यांचें, तें त्यांस परकें होऊन बसतें. पाहुण्यास खरें सांगणें हा त्याचा सत्कार तर आहेच; त्याहूनही अधिक तें आपल्या मुलांचें ऋण आहे.

तेव्हां त्या रस्त्यानें पुन्हां जाणें झालें, तर सुप्यास चहासाठीं अवश्य थांबा. तें शहाजीराजांचें सुपें नव्हे, हें आतां आपणांस ठाऊक आहे. एवढें ध्यानांत ठेवून अर्धा दिवस त्या तालुक्यास द्या. उसन्या नांवाशिवायही तो तुम्हांस रिकाम्या हातीं परत पाठविणार नाहीं.