थाळनेरचा फास : खलनायकांच्या यादीत नसलेला एक सेनापती

२००५ च्या अखेरीस बीबीसीच्या इतिहासविषयक मासिकाने दहा इतिहासकारांना एक प्रश्न विचारला : गेल्या हजार वर्षांतील प्रत्येक शतकाचा सर्वांत दुष्ट ब्रिटिश माणूस कोण? त्यातून दहा नावांची यादी तयार झाली. तेराव्या शतकासाठी राजा जॉन, अठराव्यासाठी ड्यूक ऑफ कंबरलँड, विसाव्यासाठी फॅसिस्ट पुढारी ओस्वल्ड मोस्ली. एकोणिसाव्या शतकाचा मान मिळाला जॅक द रिपरला. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ साली पाच स्त्रियांचा खून करणारा हा माणूस कोण होता, हे आजही ठाऊक नाही.

एकोणिसावे शतक म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचे शतक. त्या शतकाचा खलनायक निवडताना नजर लंडनच्या एका वस्तीपलीकडे गेली नाही, ही गोष्ट बोलकी आहे. हाच प्रश्न तापीच्या काठावर विचारला असता, तर पहिले नाव कदाचित सर थॉमस हिस्लॉप याचे आले असते.

थाळनेर आज धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात आहे. तेथून तापी पश्चिमेला वाहत नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशाला पोहोचते. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. १८१८ मध्ये थाळनेर, सुलतानपूर, नंदुरबार हा सारा एकच खानदेश होता. फारुकी सुलतानांची पहिली राजधानी म्हणजे थाळनेर. बुऱ्हाणपूर वसण्याआधी खानदेशचा कारभार येथूनच चाले आणि त्या सुलतानांच्या कबरी आजही गावात उभ्या आहेत. परंतु एकोणिसावे शतक उजाडले तेव्हा या प्रदेशाची रया गेलेली होती. होळकरांच्या फौजांची १८०२ ची लुटालूट, त्यामागोमाग आलेला १८०३-०४ चा दुष्काळ, सातपुड्यातील अस्थिरता आणि पगारी अरब शिबंदीचा जाच. सुलतानपूर उजाड झाले, नंदुरबारही बरेचसे ओसाड पडले. या अरबांविषयी रयतेला प्रेम असण्याचे काही कारण नव्हते; ते शिपाईगिरी करीत तसेच सावकारीही करीत, आणि वसुलीच्या वेळी दोन्ही धंदे एक होत. हे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील हकिकतीत मारले गेले ते बहुतांशी हेच लोक.

हिस्लॉपचा पूर्वेतिहास मोठा विलक्षण आहे. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटाचा तो १८०३ पासून गव्हर्नर होता. त्याच्या आधीचा गव्हर्नर टॉमस पिक्टन एका अल्पवयीन मुलीच्या छळाबद्दल लंडनच्या न्यायालयात उभा राहिला होता. हिस्लॉपच्या काळात, १८०५ च्या डिसेंबरात, गुलामांचा कट शिजत असल्याचा संशय आला आणि काहींना फासावर चढवण्यात आले. पुढे मुंबईच्या सेनापतिपदावर त्याची नेमणूक झाली. त्यासाठी ‘जावा’ या युद्धनौकेतून तो निघाला असता २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जहाजाने ‘जावा’चा पराभव केला आणि हिस्लॉप कैदी झाला. अमेरिकन कप्तान विल्यम बेनब्रिज याने या बड्या कैद्याला सौजन्याने वागवले आणि शब्दावर मुक्त केले. शत्रूच्या हाती पडलेल्या माणसाला कसे वागवावे, याचा धडा हिस्लॉपने असा स्वतःच्याच अनुभवातून घेतलेला होता. त्यानंतर पाच वर्षे आणि दोन महिने लोटले आणि तो थाळनेरला पोहोचला.

मधल्या काळात तो मद्रासचा सरसेनापती झाला. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात दख्खनच्या फौजेची सूत्रे त्याच्याकडे होती. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे क्षिप्रेच्या काठी त्याने होळकरांचा पराभव केला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने अल्पवयीन मल्हारराव होळकरांकडून सातपुड्याच्या दक्षिणेचा सारा मुलूख कंपनीने घेतला. खानदेशातील होळकरी किल्ले अशा रीतीने कागदावर इंग्रजांचे झाले. ते प्रत्यक्षात ताब्यात घेत हिस्लॉप माळव्यातून खाली उतरला. वाटेत सेंधव्याचा किल्ला विनासायास मिळाला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी फौज थाळनेरसमोर आली.

किल्लेदार होते तुळशीराम मामा. हाताशी सुमारे तीनशे माणसे, त्यांत अरबांचा भरणा. इंग्रजांची आघाडी जवळ येताच तटावरून गोळीबार झाला. हिस्लॉपने चिठ्ठी पाठवली : किल्ला तहाने आमचा आहे, प्रतिकार केल्यास बंडखोर समजले जाईल. उत्तर आले नाही, तेव्हा तोफा डागल्या गेल्या. दुपार कलल्यावर किल्ल्यातून बोलणे सुरू झाले, तेव्हा बिनशर्त शरण या, एवढेच सांगण्यात आले. थाळनेरला एकामागून एक दरवाजे होते. बाहेरचे ओलांडून इंग्रज आत पोहोचले, तेव्हा किल्लेदार स्वतः काही लोकांसह दिंडीतून बाहेर आले आणि स्वाधीन झाले.

शेवटचा दरवाजा उरला होता. त्याची दिंडी उघडली गेली आणि मूठभर इंग्रज अधिकारी व शिपाई आत शिरले. समोर अरब. कोणालाच कोणाची भाषा नीट कळेना. शस्त्रे खाली ठेवण्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि तलवारी चालल्या. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर जागीच ठार झाले, लेफ्टनंट कर्नल मरे जखमी झाला. मग बाहेरचे सैन्य आत घुसले. तीनशेंच्या शिबंदीपैकी जवळजवळ कोणीही वाचले नाही. त्याच संध्याकाळी तुळशीराम मामांना किल्ल्याच्या बुरुजावर फाशी देण्यात आली.

दिंडीतील चकमकीनंतर पिसाळलेल्या सैन्याने केलेली कत्तल भीषणच होती. पण त्या काळच्या वेढ्यांत असे प्रकार घडत आणि त्यांना संतापाची सबब पुढे केली जाई. फाशीला ती सबब लागू पडत नाही. चकमक झाली तेव्हा किल्लेदार दरवाजाबाहेर, इंग्रजांच्याच ताब्यात होते. आतल्या दग्याबद्दल त्यांना शिक्षा झाली म्हणावे, तर दगा त्यांनी केलेला नाही, आणि दगा होता की भाषेचा घोळ हेही सिद्ध नाही. बंडखोरीबद्दल झाली म्हणावे, तर ज्याचा धनी सात आठवड्यांपूर्वी दूर माळव्यात एका कागदावर बदलला, अशा नोकराला एका दिवसाच्या एका चिठ्ठीवर बंडखोर ठरवायचे, आणि तेही चौकशीवाचून! ही सारी हकिकत आपल्यापर्यंत येते ती इंग्रजांच्याच लेखणीतून, आणि तरीही ती हिस्लॉपला निर्दोष ठरवू शकत नाही.

लंडनमध्येही अनेकांना ते खटकले. मार्च १८१९ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांत या युद्धातील विजयाबद्दल सेनापतींचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हा थाळनेरचा विषय निघाला. तोडगा खास संसदीय निघाला : हिस्लॉपचे आभार मानायचे, मात्र थाळनेरच्या कृत्याला ही संमती समजू नये असेही नोंदवायचे. एवढ्यावर प्रकरण मिटले. खटला नाही, पदावनती नाही. या मोहिमेनंतर पुढे वर्षानुवर्षे त्याच्या फौजेचा वाद चालू राहिला तो युद्धात मिळालेल्या लुटीच्या वाटणीवरून.

थाळनेरच्या दहशतीने इतर किल्ले लवकर पडले, असे त्याचे समर्थक म्हणत. काही पडलेही. परंतु मालेगावच्या अरबांनी मे-जून १८१८ मध्ये जो झुंजार प्रतिकार केला, त्यात इंग्रजांची दोनशेंहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. अखेरीस शरण येताना त्या अरबांनी एक अट घातली : आम्हांला ठार मारले जाणार नाही, असे लेखी द्या. थाळनेरची बातमी मालेगावात कोणत्या रूपाने पोहोचली असेल, याचा अंदाज या एका मागणीवरून बांधता येतो.

खलनायकांच्या यादीकडे पुन्हा पाहावे. कंबरलँड त्या यादीत आला तो १७४६ च्या कलोडन लढाईनंतर पराभूतांची निर्दय कत्तल करवल्यामुळे. ‘कसाई’ हे बिरुद त्याला तेव्हाच चिकटले. पराभूतांना मारणे हा दुष्टपणा आहे, हे म्हणजे इतिहासकारांना मान्य होते. मात्र ते पराभूत स्कॉटलंडचे होते. विसाव्या शतकाचा मान मोस्लीला गेला, त्या यादीत जालियनवाला बागेचा डायरही नाही. मग ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती ज्या गोळीबारात पडले, त्याची आठवण तेथे कोणाला असणार? शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

हिस्लॉप १८४३ साली वारला. त्याची मुलगी एमा हिचा विवाह मिंटो घराण्यात झाला. तिचा मुलगा, चौथा लॉर्ड मिंटो, १९०५ ते १९१० या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. लोकमान्य टिळकांना १९०८ साली राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेण्यात आले, ते याच नातवाच्या कारकिर्दीत.