शिळी प्रत कोणी ओळखायची?

फाईल दुसऱ्या मशीनवर आहे. दर वेळी तिथे जाऊन वाचायची, की एकदाच प्रत आणून जवळ ठेवायची? मंडळी, हा वाद १९८० च्या दशकातला आहे, आणि मला तो अजूनही जाम आवडतो.

सनच्या एनएफएसचा (१९८५) खाक्या साधा होता. कोणी काय उघडलंय हे सर्व्हरने लक्षातच ठेवायचं नाही. सर्व्हर कोसळून उठला तरी क्लायंट तीच विनंती पुन्हा पाठवणार, काम चालू! कॅशिंग होतं, पण 'फाईल बदलली का?' हे क्लायंटनेच काही काही सेकंदांनी विचारायचं. मधल्या वेळात शिळं वाचलं तर तुमचं नशीब.

कार्नेगी मेलन विद्यापीठात एम. सत्यनारायणन आणि सहकाऱ्यांनी एएफएसमध्ये अख्खी फाईलच लोकल डिस्कवर आणली. गंमत म्हणजे पहिल्या आवृत्तीत सर्व्हर साधारण २० जणांतच दमला, कारण फाईल उघडताना दर वेळी चौकशी व्हायची. मग त्यांनी गाडी उलटी फिरवली. सर्व्हरनेच वचन दिलं: 'बदललं तर मी कळवीन.' हाच कॉलबॅक. चौकशा थांबल्या, पण कोणाकडे कसली प्रत आहे ही यादी आता सर्व्हरच्या डोक्यावर. शिवाय दोघांनी एकच फाईल बदलली, तर शेवटी बंद करणाऱ्याचं टिकणार.

पुढे २००० साली एनएफएसची चौथी आवृत्ती आली, आणि तिचा सर्व्हरही हिशेब ठेवायला लागला.

असो. म्हणूनच कॅशिंगची चर्चा निघाली की मी आधी एवढंच विचारतो: प्रत शिळी झाली, हे कोण कोणाला सांगणार?