तळटीप १४ : हळदी-कुंकू बदकाचे घरटे

१४. हळदी-कुंकू : चोचीचे टोक पिवळे व बुडाशी लाल ठिपके असलेले, आपल्याकडे बारमाही राहणारे बदक. मूळ मजकुरात ते ‘दिसेल तेथे अंडी घालते’ असे म्हटले आहे. ते मान्य करता येत नाही. मादी पाण्याजवळच्या दाट गवतात जमिनीवरच घरटे करते आणि सुमारे २४ दिवस अंडी उबवते. एवढा काळ घार-कावळ्यांची नजर चुकवायची, तर आडोसा हवाच. काठापासून फार दूर जाणेही परवडत नाही, कारण पिल्ले अंड्यातून निघताच थोड्या अवधीत पायी पाणी गाठतात आणि त्या वाटेवर मुंगूस, कोल्हा असतात. मग पुरात घरटी का बुडतात, असा आक्षेप येईल. सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशय (धरण पूर्ण १९८०) मुख्यतः पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्याच्या पावसाने भरतो; येथे आभाळ कोरडे असतानाही भीमेचे पाणी चढते. मादीला गवत दिसते, आजची पाणरेषा दिसते. वरच्या धरणांतून सुटलेले पाणी दिसत नाही. म्हणून बुडालेले घरटे हा बेफिकिरीचा पुरावा ठरत नाही.