बाइकफिट (रोडबाइक)

रोडबाइकची मापे स्वाराच्या अंगमापांशी जुळवणे म्हणजे बाइकफिट. अंगाचा भार सायकलवर तीनच ठिकाणी येतो : सीट, पेडल आणि हँडल. या तीन जागांमधली अंतरे पायांच्या, धडाच्या व हातांच्या लांबीनुसार ठरतात. केवळ उंची विचारून सायकल देण्याची दुकानांतली पद्धत म्हणूनच अपुरी आहे. सारख्याच उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब, तर दुसऱ्याचे धड लांब असू शकते.

सीटची उंची : हे माप आधी बसवावे, बाकीची त्यावर अवलंबून असतात. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक मांड्यांमध्ये धरून, सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर दाबावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. फ्रेंच प्रशिक्षक सिरील गिमार यांच्याकडून आलेली आणि तूर द फ्रान्स तीनदा (१९८६, १९८९, १९९०) जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने रूढ झालेली रीत या अंतराला ०.८८३ ने गुणते; येणारे उत्तर म्हणजे क्रँकच्या (पेडल धरणाऱ्या दांड्याच्या) आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. हॅम्ली व थॉमस या संशोधकांनी १९६७ मध्ये स्थिर सायकलवरील प्रयोगांतून, खाली गेलेल्या पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत याच अंतराच्या १०९ टक्के, हे प्रमाण दिले. क्रँक १७० मिमी धरल्यास पायांचे हे माप ८० सेंमी असताना दोन्ही उत्तरांत जेमतेम अर्ध्या सेंमीचा फरक पडतो. माप ७५ सेंमी असेल तर लेमाँड रीत सीट सुमारे दीड सेंमी वर नेते. आखूड पायांच्या स्वाराला दीड सेंमी फार होतात : कंबर दोन्ही बाजूंना डोलू लागते, गुडघ्याची मागची बाजू ताणते. सीट फार खाली असली की गुडघा पुढून दुखतो. त्यामुळे सूत्राचे उत्तर आरंभापुरते घ्यावे आणि पेडल तळाशी असताना गुडघ्याचा वाक २५ ते ३५ अंशांत राहतो का, हे पाहावे.

सीट पुढे-मागे : क्रँक आडवा असताना पुढच्या गुडघ्यातून सोडलेला ओळंबा पेडलच्या आसावर यावा, असा जुना दंडक आहे. सायकल-रचनाकार कीथ बाँट्रेगर यांनी त्याला यांत्रिक आधार नसल्याचे दाखवले. तरी सोयीची खूण म्हणून तो वापरात आहे.

फ्रेम : ‘५४’ सारखा आकडा कंपनीगणिक बदलतो. क्रँकच्या आसापासून हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) माथ्यापर्यंतची उभी उंची (स्टॅक) व आडवे अंतर (रीच) यांची तुलना करावी. लांब धडाच्या स्वाराला रीच जास्त लागतो. स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा भाग) बदलून एक-दोन सेंमी साधतात, त्याहून जास्त फरक असल्यास फ्रेमच वेगळी घ्यावी.

दुखापतीनंतर : जुळलेली मापेही बदलावी लागू शकतात. १९६९ मध्ये फ्रान्समधील ब्लोआ येथील अपघातात बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्स यांच्या कंबरेला इजा झाली. त्यानंतर ते सीटची उंची वारंवार बदलत, कधी धावत्या शर्यतीतही.

हँडल : रुंदी साधारण खांद्यांइतकी. महाराष्ट्रातही होणाऱ्या ब्रेव्हेत (ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीत) २०० किमीला साडेतेरा तास मिळतात. एवढ्या वेळात फार खालच्या हँडलमुळे बोटे बधिर होतात.

क्रँक : १६५ ते १७५ मिमी सहज मिळतात. आखूड पायांना १६५.