टाकलेल्या बाईचं घर कुठं?

बीड जिल्ह्याचा इतिहास म्हटलं की आपण निजामाची राजवट, मुक्तिसंग्राम आणि दुष्काळ एवढ्यावर थांबतो. आज आपण उंबऱ्याच्या आतला इतिहास बघू.

आपल्याकडे एक शब्द आहे, ‘टाकलेली’. या शब्दात मारहाण दिसत नाही, उपास दिसत नाहीत, रात्री घराबाहेर काढणं दिसत नाही. जणू दोष तिचाच! ती विधवा नाही, घटस्फोटितही नाही. मग तिनं मदत मागायची तरी कोणत्या नात्यानं?

कायदा नव्हता असं नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १२५ खाली पोटगी होती. पण तिला महिन्याला ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती आणि ती उठायला २००१ साल उजाडलं. १९८३ मध्ये ४९८-अ आलं, नवऱ्याचा आणि सासरच्यांचा छळ गुन्हा ठरला. पण तक्रार देणारी बाई त्या रात्री झोपणार कुठं, याचं उत्तर त्या कलमात नव्हतं.

बीडमध्ये हा प्रश्न आणखी अवघड का? इथली हजारो कुटुंबं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. मार खाऊन बाई निघून गेली की जोडी मोडते, उचल मात्र अंगावर राहते. म्हणजे तिनं परत नांदायला जावं, यात नवऱ्याबरोबर मुकादमाचाही हिशेब असतो. कर्जाला घाबरलेलं माहेरसुद्धा मग ‘जरा सोस’ म्हणतं. हे आपण नीट समजून घेतलं पाहिजे. छळ घरात होतो, पण त्याला टिकवणारी व्यवस्था घराबाहेर असते.

अंबाजोगाईत १९८२ साली डॉ. द्वारकादास लोहिया यांनी ‘मानवलोक’ सुरू केलं. त्याच दशकात शैला लोहिया यांनी ‘मनस्विनी’ प्रकल्प उभा केला. त्यात परित्यक्ता बाईला आधार, सल्ला आणि स्वतःच्या पायावर उभं राहण्याची वाट, हे एकत्र आलं. नुसता दिलासा पुरत नाही आणि नुसता खटलाही पुरत नाही, ही त्यामागची समज. तिकडे संगमनेरला १९८८ मध्ये समता आंदोलनानं परित्यक्तांची परिषद भरवली. एकेकीचं दुःख तिथं सगळ्यांचा हक्काचा प्रश्न झालं.

पुढे कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ मध्ये झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यानं आर्थिक छळालाही हिंसा मानलं. घर कुणाच्याही नावावर असो, राहत्या घरात राहण्याचा हक्क तिला दिला. ‘झोपणार कुठं?’ या प्रश्नाला कायद्यानं दिलेलं हे उत्तर! पण गावात ते किती जणींना माहीत आहे?

म्हणून शेवटी आपल्यापुरतं बोलू. अशी बाई दारात आली तर ‘तू काय केलंस?’ हा आपला पहिला प्रश्न नको. ‘आज रात्री सुरक्षित आहेस का?’ एवढं विचारू. १८१ हा हेल्पलाइन नंबर सांगू. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, वकील मोफत मिळतो हे सांगू. परत जायचं की नाही, हे मात्र तिचं तिला ठरवू देऊ.

टाकायची असते वस्तू. माणूस टाकता येत नाही, हे आपण कधी शिकणार?